खडी टाकली म्हणजे खड्डा बुजला का? धामणकर नाक्यापासून गावच्या रस्त्यापर्यंत खडीचा हिशेब

भिवंडी : पावसाळ्यात धामणकर नाक्यावरून दुचाकी काढायची तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक खड्डा, आणि दुसरी त्या खड्ड्यात टाकलेली खडी. खड्डा निदान दिसतो तरी. खडीचं तसं नाही. सकाळी ढीग ओतून वरून फावडं फिरवलं जातं, दुपारपर्यंत ट्रक-कंटेनरची चाकं ती रस्ताभर पसरवतात, आणि संध्याकाळी कामावरून घरी निघालेल्या माणसाच्या चाकाखाली ती छर्ऱ्यांसारखी फिरते. खड्डा तोवर पुन्हा रिकामा झालेला असतो.

हा नाका फक्त शहरवाल्यांचा नाही. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळकडून बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला येणारी माणसं अंजूरफाट्यावरून इथंच येतात. कामतघर आणि पद्मानगरची वस्ती याच्या अंगालाच आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला कल्याणमध्ये झालं. तिच्या पहिल्या टप्प्याचं शेवटचं स्टेशनही धामणकर नाकाच. म्हणजे आधीच अरुंद असलेल्या रस्त्यावर गोदामांची अवजड वाहतूक, लूमच्या मालाचे टेम्पो, रिक्षा आणि वर मेट्रोचं काम, असा सगळा भार एकाच ठिकाणी आला. रस्ता खचणारच. प्रश्न तो खचल्यावर काय केलं जातं याचा आहे. ‘खडी टाकली’ हे उत्तर ऐकून लोक परत जातात. खरं तर हिशेब विचारायला सुरुवात तिथूनच करायला हवी.

गोटा वेगळा, खडी वेगळी

नदीच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेला तो गोटा. माणसाने किंवा यंत्राने फोडलेली, कडा धारदार असलेली ती खडी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण सगळी गोम त्यातच आहे. गोल गोटे एकमेकांवरून घरंगळतात. फुटलेल्या दगडाच्या कडा दाबल्या की एकमेकांत अडकतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. रस्त्याचं, स्लॅबचं, रेल्वेच्या रुळाचं सगळं बळ या अडकण्यात आहे.

आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यातून सह्याद्री आणि दख्खनचं पठार घडलं. माहुली आणि मलंगगडही त्यातलेच. हा दगड कठीण असतो आणि डांबराला चांगला धरतो. त्यामुळे ‘आपल्याकडचा दगडच खराब आहे’ ही सबब ठाणे जिल्ह्यात तरी चालणार नाही.

दुकानावर गेलं की मापाप्रमाणे नावं बदलतात. १० मिमीची ती एक नंबर, २० मिमीची दोन नंबर किंवा पाऊण इंची, त्याहून मोठी ४० मिमीची. क्रशरमधून सगळ्यात शेवटी निघणारा बारीक चुरा तो कच. हाताने उचलायचा मोठा दगड तो डबर. मुरूम ही खडी नव्हे, तो कुजलेल्या खडकाचा भुगा आणि खडे यांचा मेळ. विदर्भात आणि रेल्वेत याच खडीला गिट्टी म्हणतात. पाडलेल्या बांधकामाचं राबिट मात्र यातल्या कशातच मोडत नाही, तरी पावसाळ्यात खड्ड्यांत सर्रास तेच जाऊन पडतं.

भाषेतही खडा जागोजागी आहे. अंदाज घ्यायचा तर खडा टाकून बघतात, पुन्हा तसं न करण्याचं ठरवलं की कानाला खडा लावतात, दोष द्यायचा तर दुसऱ्याच्या नावाने खडे फोडतात. एखाद्याला बारीकसारीक सगळं ठाऊक असेल तर त्याला खडान्खडा माहिती आहे म्हणतात. ‘खडी फोडायला पाठवीन’ ही धमकी तुरुंगातल्या सक्तमजुरीची. जुन्या पिढीला मात्र या शब्दाने १९७२ आठवतं. त्या दुष्काळात राज्यातल्या लाखो माणसांनी, त्यात बायाही मोठ्या संख्येने होत्या, सरकारी कामावर बसून हाताने खडी फोडली आणि त्या मजुरीवर घर जगवलं. त्या अनुभवातून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क बनली, आणि देशाच्या रोजगार हमीची पायवाट तिथून निघाली. क्रशर येण्याआधी घण, छिन्नी आणि पहार घेऊन हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं ते वडार आणि पाथरवट समाजाने. रस्त्याच्या पाटीवर त्यांचं नाव कधी आलं नाही, हा भाग वेगळा.

रुळाखाली चालते, मग नाक्यावर का नाही?

अंजूरफाट्याजवळ भिवंडी रोड स्टेशन आहे, वसई-दिवा मार्गावरचं. तिथल्या रुळाखालची खडीही मोकळीच असते. डांबर नाही, सिमेंट नाही, तरी वर्षानुवर्षं मालगाड्या जातात. मग तीच खडी धामणकर नाक्यावर एक दिवस का टिकत नाही?

कारण रेल्वे खडीला जागा बांधून देते. रुळाखाली स्लीपर, स्लीपरखाली एक वीत किंवा त्याहून जाड थर, दोन्ही बाजूंना खडीचेच उतरते खांदे. पाणी खालून निघून जातं. चाक खडीला कधी शिवतच नाही, ते रुळावरून जातं आणि वजन पसरून खाली पोचतं. शिवाय वेळोवेळी यंत्राने खडी पुन्हा ठासली जाते. नाक्यावरच्या खड्ड्यात यातलं काहीही नसतं. खाली चिखल, कडा झिजून उतरत्या झालेल्या, आणि चाक थेट खडीवर.

रस्त्यात खडी बसवायची रीत दोनशे वर्षं जुनी आहे. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की खाली मोठाल्या शिळा रचायची गरज नाही. लहान, सारख्या मापाची फोडलेली खडी नीट दाबून बसवली आणि पाणी बाजूला काढलं, तर रस्ता वजन पेलतो. आपल्याकडे ज्याला खडीकरण म्हणतात ते हेच. मोठी खडी पसरायची, कोरडी असताना रोलर फिरवायचा, मग कच घालून फटी भरायच्या, मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, पुन्हा रोलर. डांबरीकरण त्याच्यावर येतं. डांबर वरून पाणी अडवतं आणि वरच्या थराची खडी धरून ठेवतं. वजन पेलायचं काम खालची खडीच करते.

म्हणून खड्डा पडतो तो वरून दिसायच्या कितीतरी आधी. डांबराला बारीक भेग जाते, पाणी आत शिरतं, मुरूम मऊ होतो, खडीची पकड सुटते. मग एक जड गाडी जाते आणि वरचा पापुद्रा आत बसतो. अशा जागी नुसती खडी टाकणं म्हणजे सडलेल्या दातात शेंगदाणा भरण्यासारखं.

बरोबर दुरुस्ती कशी असते तेही गावकऱ्यांना ठाऊक असलेलं बरं. खड्ड्याच्या कडा सरळ, चौकोनी कापायच्या. आतला चिखल आणि सुटी खडी बाहेर काढायची. तळ आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, मग डांबरमिश्रित खडी भरून यंत्राने ठोकायची, आजूबाजूच्या रस्त्याच्या पातळीत. भर पावसात गरम डांबर धरत नाही ही अडचण खरी आहे. पण त्यावरही पर्याय आहेत : थंड मिश्रण, लवकर घट्ट होणारं काँक्रीट, तात्पुरते पेव्हर ब्लॉक. यातलं प्रत्येक जण आपापल्या परीने अपुरं आहे, पेव्हर ब्लॉक तर जड वाहतुकीत उचकटतातच. तरीही ते सुट्या खडीपेक्षा बरे, कारण निदान ते दुचाकीखालून निसटत नाहीत. खडी-मुरुमाचा मारा करायचाच झाला तर त्यावर रोलर फिरला पाहिजे आणि पाऊस उघडला की तो काढून पक्कं काम झालं पाहिजे. बऱ्याचदा होतं ते एवढंच, की मुरुमाचा पावसात चिखल होतो आणि उन्हात धुरळा.

खड्ड्याची भरपाई, आणि खडीची?

देशात २०२२ साली खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसं गेल्याची केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. ही फक्त नोंदलेली. भिवंडी-वाडा-मनोर रस्त्याने जाणाऱ्यांना आकडे सांगायची गरज नाही. त्या रस्त्यावर किती वेळा रास्ता रोको झाले याचा हिशेब लोकांनीच सोडून दिला आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेला निकाल प्रत्येक गावात माहीत असायला हवा. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने सांगितलं, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी. जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. भरपाई ठरवायला समिती. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. आणि खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत त्याकडे बघायचं, नाहीतर तो गंभीर निष्काळजीपणा. दिलेली रक्कम नंतर जबाबदार ठेकेदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करण्याचीही तरतूद त्यात आहे.

पण खरी ठेच पुढे आहे. ४८ तासांत खड्ड्याकडे ‘बघितलं’ हे दाखवायला सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? दोन पाट्या खडी. फोटो काढला, तक्रार बंद. उद्या त्याच खडीवरून कुणी घसरलं तर वाद निघणार : हा अपघात खड्ड्याचा की गाडीवाल्याच्या वेगाचा? आत्तापर्यंत अशा अनेक प्रकरणांत पोलीस ठाण्यात चालकाचीच चूक लिहिली जाते, कारण पंचनामा व्हायच्या आधी खडी वाहून किंवा झाडून गेलेली असते. अर्धवट बुजवलेला, बांधणी नसलेला खड्डा हा खड्डाच आहे, ही भूमिका अशा दाव्यांत ठामपणे मांडावी लागेल. निकालाचा हेतू बघता ती टिकायला हरकत नाही.

त्यासाठी पुरावा लागतो. घटनास्थळाचा तारीख-वेळ दिसणारा फोटो, पसरलेल्या खडीचा व्हिडिओ, पंचनाम्यात ‘रस्त्यावर सुटी खडी’ असे शब्द लिहून घेणं, आणि दवाखान्याच्या कागदावर अपघाताचं कारण. जखमी माणसाला उचलताना हे कुणाला सुचत नाही हे खरं. सोबतच्या एकाने तरी मोबाईल काढावा.

दुसरी अडचण, रस्ता कुणाचा? भिवंडीत एका बाजूला भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका, दुसरीकडे सार्वजनिक बांधकाम विभाग, मेट्रोच्या कामापुरतं एमएमआरडीए, नाशिक महामार्गावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, आणि गावात शिरलं की जिल्हा परिषद. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला चेंडूसारखं टोलवायला एवढी टोकं पुरेशी आहेत. म्हणून अर्ज एकाच कार्यालयाला न देता सगळ्यांना एकच मजकूर द्यावा आणि प्रत्येकाची पोच घ्यावी. रस्ता आपला नाही असं म्हणणाऱ्या कार्यालयाने तो कुणाचा ते लेखी सांगावं, एवढी मागणी केली तरी बरंच काम होतं.

खडी येते कुठून

धामणकर नाक्यावर पडणारी खडी असो की काँक्रीटच्या मिक्सरमधली, ती कुठल्यातरी टेकडीतून आलेली असते. गेल्या वीस वर्षांत भिवंडी तालुक्यात भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली. शहराभोवतालच्या ६० गावांसाठी २००७ मध्ये एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण झालं, पण भराव त्याच्या आधीही चालू होता आणि नंतरही थांबला नाही. सखल शेत गोदामाजोगं उंच करायला मुरूम आणि डबर लागतं, मग जमिनीला आणि पोचरस्त्याला खडी. मेट्रो, महामार्ग, इमारती यांची भूक वेगळीच. एका गावची टेकडी दुसऱ्या गावच्या खाचरात जाऊन बसली, असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही.

दगड हे कायद्याने गौण खनिज. ते काढायला परवानगी लागते आणि सरकारला स्वामित्वधन, म्हणजे लोकांच्या भाषेत रॉयल्टी, भरावी लागते. जुलै २०२१ पासून ती ब्रासला ६०० रुपये आहे, त्याआधी ४०० होती. माल नेणाऱ्या गाडीकडे ऑनलाइन वाहतूक पास हवा. विनापरवाना उत्खननावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी जप्त होऊ शकते. तक्रार तहसीलदाराकडे, किंवा तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाडीचा नंबर, वेळ आणि ठिकाण दिलं तर पास होता की नव्हता हे त्यांना तपासता येतं.

शहापूर तालुका आणि भिवंडी, मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथं १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे. ग्रामसभेच्या वहीत असा ठराव कधी झाला, किती जण हजर होते, सह्या कुणाच्या, हे विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. पुष्कळ ठिकाणी सुरुंगाचा पहिला आवाज झाल्यावरच गावाला खाण कळते. तोवर वही भरलेली असते. शिवाय २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिज पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, त्यामुळे ‘खाण लहान आहे, कागद लागत नाहीत’ हे कुणी सांगत असेल तर ऐकून घेऊ नये.

आता डंपर. दहा चाकी डंपरची एकूण वजनमर्यादा २८ टन. रिकामी गाडी साधारण दहा-अकरा टनांची, आणि एक ब्रास खडी सव्वाचार टनांच्या आसपास भरते. म्हणजे कायद्यात बसून चार ब्रास माल येतो. प्रत्यक्षात सहा भरले तर गाडी ३६ टनांवर जाते. रस्त्याचं नुकसान मात्र वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत १९५८ ते ६० मध्ये झालेल्या मोठ्या चाचणीतून निघालेला ठोकताळा असा, की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान सुमारे सोळा पट होतं. या हिशेबाने २८ ऐवजी ३६ टनांची गाडी रस्त्याला अडीच पटीहून जास्त झिजवते. एका खेपेत दोन ब्रास जास्त नेऊन वाचलेलं डिझेल व्यापाऱ्याचं, आणि फुटलेला रस्ता गावाचा. अशा आठ टन जादा भाराला मोटार वाहन कायद्याप्रमाणे ३६ हजार रुपये दंड बसतो : २० हजार ठरलेला आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. तो किती गाड्यांना बसतो हे गावकऱ्यांनी स्वतः बघावं. गावचा रस्ता एवढ्या वजनासाठी बांधलेलाच नसतो, आणि खाणीचा किंवा गोदामाचा रस्ता गावातूनच जातो.

ताडपत्री न टाकता भरधाव जाणारा डंपर वळणावर खडी सांडतो तेही विसरून चालणार नाही. चौकातल्या सुट्या खडीत थोडी ती असतेच.

घरासाठी खडी घेताना

रस्त्याचं सोडा, घर बांधतानाही ब्रास म्हणजे काय हे विचारायला माणूस लाजतो आणि तिथंच फसतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणायची आणि शंभराने भागायची. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच ट्रॉली काठोकाठ भरली तर सव्वा ब्रासच्या किंचित आत. मधोमध उंच ढीग आणि कोपरे रिकामे असतील तर आधी सपाट करायला लावावं, मगच मोजावं. ५०० चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला पाऊण इंची आणि अर्धा इंची मिळून साधारण पावणेदोन ब्रास खडी लागते. ठेकेदाराने तीन सांगितली तर कुठे लागणार ते विचारायला हरकत नाही.

खडी हातात घेऊन बघावी. चपट्या, लांबट चकत्या जास्त असतील तर घेऊ नये, त्या काँक्रीटमध्ये आडव्या बसतात आणि दाबाखाली मोडतात. पांढुरकी धूळ चिकटलेली असेल तर धुतल्याशिवाय वापरू नये, धुळीवर सिमेंट धरत नाही. नदीची वाळू महाग झाल्यापासून क्रशरचीच वाळू वापरात आली आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं, त्यात तिची रॉयल्टी ब्रासला ६०० वरून २०० केली आणि सरकारी बांधकामात काही प्रमाणात ती सक्तीची झाली. नद्या वाचतील हे चांगलंच. पण वाळूही आता टेकडीतूनच येणार, तेव्हा खाणींची मागणी वाढणार, आणि ग्रामसभेच्या वहीचं महत्त्वही. कच आणि चांगली कृत्रिम वाळू एकच नव्हे हेही लक्षात असू द्यावं. कचात पीठ जास्त असतं, ते स्लॅबला घातक.

गावच्या रस्त्यात किती खेपा पडायला हव्यात

शहरातला नाका सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, तिथं निदान बातमी होते. पाड्याकडे जाणाऱ्या एक किलोमीटरच्या रस्त्यात खडी किती गेली हे कुणी बघत नाही. गंमत अशी, की ते मोजणं मुळीच अवघड नाही.

तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्ता. खडीकरणाचा एक थर दाबल्यानंतर ७५ मिमी, म्हणजे तीन इंच, म्हणजे माणसाची आडवी चार बोटं. दाबल्यावर खडी बसते, त्यामुळे मोकळी जास्त लागते. ग्रामीण रस्त्यांच्या प्रमाणकाप्रमाणे दहा चौरस मीटरला सुमारे एक घनमीटर. असा हिशेब केला तर एका थराला साधारण १०० ब्रास मोठी खडी लागते. चार ब्रासच्या गाडीने २५ खेपा. रस्ता पावणेचार मीटर रुंद असेल तर ३० च्या वर. अंदाजपत्रकात दोन थर असतील तर दुप्पट. कच आणि मुरूम यात धरलेला नाही.

एवढं कळलं की रस्त्याकडेच्या टपरीवर बसलेला माणूसही काम तपासू शकतो. पंधरा खेपांत एक थर ‘पूर्ण’ झाला तर उरलेली खडी कुठे गेली, हा प्रश्न सरळ आहे. १०० ब्रासची रॉयल्टी ६० हजार होते. ठेकेदाराने तिचे पास दाखवले नाहीत तर ती बिलातून कापायची पद्धत आहे, म्हणजे किती खडीचे पास जोडले याचा कागद कार्यालयात असायलाच हवा. तो आणि मोजमाप पुस्तिका, ज्याला सगळे एमबी म्हणतात, शेजारी ठेवून बघितलं की बरंच उमगतं.

यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही खर्च नाही. लोक फक्त कागदांच्या प्रती मागतात. २००५ च्या या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणजे रस्त्याचा थर किती जाड आहे हे बघायला, आणि त्यातली खडी नमुना म्हणून मागायला, कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. अर्ज काम चालू असताना दिला तर उत्तम. डांबराचा थर वर आला की खाली चार बोटं आहेत की दोन, हे उकरल्याशिवाय दिसत नाही.

कामाचा फलक लागला की त्याचा फोटो काढून ठेवावा. त्यावर ठेकेदार, रक्कम, काम सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख असते. प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. या काळात पडलेला खड्डा त्याने स्वतःच्या करारात बुजवायचा, आणि तोही सुट्या खडीने नव्हे. फलक बहुतेक वेळा पहिल्या दोन पावसाळ्यांत गंजतो किंवा पडतो, मग तारीख कुणालाच आठवत नाही. पाच वर्षं भरायच्या आत लेखी तक्रार गेली तर दुरुस्ती त्या करारात होते. त्यानंतर गेली तर नवं अंदाजपत्रक, नवी निविदा, आणि पुन्हा नव्याने १०० ब्रास.